दिवाळी अंक, लाँग रन आणि दाराची बेल

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की अनुवाद अडला की मी बूट चढवते आणि वेताळ टेकडीवर जाऊन येते. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं आपल्याच गोतावळ्यातली: अनुवादक, सबटायटल करणारे, कंटेंट लिहिणारे, मालिकांचे संवाद लिहिणारे. म्हणजे घरून काम, पगार नाही, पीएफ नाही, आणि वर मॅरेथॉनचं खूळ डोक्यात. आधीच सांगून टाकते, मी कोच नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. सोळा वर्षं फ्रीलान्स करतेय, त्यातली नऊ वर्षं पळतेय, चार फुल (४२ किलोमीटरच्या मॅरेथॉन) झाल्या, हाफ (२१च्या) मोजायच्या सोडल्या, टायमिंग कृपया विचारू नये. जे स्वतः करून, चुकून, दमून कळलंय तेवढंच सांगते. आधी तुमचं पत्र, खाली माझं उत्तर.

ताई, मी ठाण्यात राहतो, वय ३६. इंग्रजीतून मराठी अनुवाद करतो आणि थोडं स्वतःचंही लिहितो. जानेवारीत मुंबईची फुल पहिल्यांदाच पळायचीय. प्लॅन १८ आठवड्यांचा आहे, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला सुरू. पण दिवाळी अंकांसाठी दोन कथा कबूल करून बसलोय आणि एका जाड पुस्तकाचा अनुवाद डिसेंबरअखेर द्यायचाय. पहाटे पाचचा गजर लावतो आणि रात्री दोनला झोपतो. पळणं सोडू की दिवाळी अंक?

दोन्ही नका सोडू. तुम्ही घाबरलाय खरे, पण चुकीच्या महिन्याला घाबरलाय.

बघा, मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांतीचे तिळगूळ अजून डब्यात असतात तेव्हा. तिथून मागे मोजत या. शेवटचे दोन-तीन आठवडे पळणं कमी करत आणायचं, त्याला टेपर म्हणतात. त्याच्या आधीचे तीन-चार आठवडे सगळ्यात अवघड, २८, ३०, ३२ किलोमीटरचे लाँग रन, म्हणजे आठवड्यातून एकदाच करायचं लांबचं पळणं, तिथे येतात. म्हणजे साधारण डिसेंबरचा पहिला आठवडा ते नाताळ. आणि तुमचा जाड अनुवाद कधी द्यायचाय? डिसेंबरअखेर. दिवाळी अंकाच्या कथा तर ऑगस्ट-सप्टेंबरात जातील, तेव्हा तुमचा लाँग रन १२-१४ किलोमीटरचा असेल, तो काही तुमची कथा खात नाही. खरी टक्कर डिसेंबरात आहे आणि ती तुम्हाला दिसत नाहीये, कारण पळण्याचा प्लॅन फोनच्या अॅपमध्ये आहे आणि कामाचा डोक्यात.

म्हणून पहिलं काम, दोन्ही एका कागदावर आणा. माझ्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे, त्यावर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लाल पेनाने किलोमीटर आणि निळ्या पेनाने काम कधी द्यायचं ते. लाल मोठा आकडा आणि निळी तारीख एकाच आठवड्यात आली की त्याच दिवशी संपादकांना फोन. त्याच दिवशी, आयत्या वेळी नाही! "सर, ३१ डिसेंबरच्या ऐवजी १५ जानेवारी… नको, ३१ जानेवारी चालेल का," हे सप्टेंबरात विचारलं तर प्रकाशक 'बघू' म्हणतात, म्हणजे हो म्हणतात. तेच २० डिसेंबरला विचारलं तर पुढचं पुस्तक दुसऱ्याकडे जातं. ३१ जानेवारीला नाहीच म्हणाले तर मग उलटं करा, ५ डिसेंबरपर्यंत संपवायचं धरा आणि ऑक्टोबरात रोजची पानं वाढवा, तेव्हा पाय अजून ताजे असतात.

आता ते रात्री दोन आणि पहाटे पाच. हे करू नका. मी केलंय. एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण रात्री साडेतीनला पाठवलं आणि त्याच आनंदात पाचला २६ किलोमीटरला निघाले, वाटलं, आता काय, डोक्यावरचं ओझं उतरलंय. पाषाण तलावाच्या अलीकडे, साधारण एकोणिसाव्या किलोमीटरला, पाय दुखत नव्हते, दम लागला नव्हता, फक्त पुढे जावंसं वाटेना. म्हणजे अक्षरशः फुटपाथच्या कडेला उभी राहून मी एका बंद दुकानाची पाटी वाचत होते आणि ती तीनदा वाचूनही कळेना. टपरीवर बसले, चहा घेतला, मग रिक्षा केली. रिक्षावाल्या काकांनी मला एकदा वरून खाली पाहिलं, डिकीतून जुना पेपर काढला, सीटवर अंथरला आणि मग म्हणाले, बसा. घामाने सीट भिजू नये म्हणून! त्या दिवशी कळलं की लिहिण्याची दमणूक आणि पळण्याची दमणूक एकाच खात्यातून वजा होते, पासबुकं दोन असली तरी. आपल्याला वाटतं दिवसभर खुर्चीतच तर होतो, पाय ताजे आहेत, पण झोप झालेली नसली तर ताजं काही नसतं.

तर तुम्ही रात्रीचे लिहिणारे असाल तर रात्रीचेच राहा, पहाटेचा हट्ट सोडा. पाचला उठणारेच खरे रनर असं कुठे लिहिलंय? संध्याकाळी साडेसहाला येऊरच्या रस्त्याला किंवा तलावपाळीला रपेट मारा. फक्त दर पंधरा दिवसांनी एकदा तरी पहाटे पळा, कारण रेस पहाटे आहे आणि पोटाला सुद्धा ती सवय लागते (या विषयावर खूप पत्रं आलीत, इथे छापण्यासारखी नाहीत).

आणि शेवटचं, हे मला फार उशिरा सुचलं. लाँग रन रविवारीच का? नोकरीवाल्यांना रविवारशिवाय गत्यंतर नाही म्हणून. तुम्हाला आहे! मी लाँग रन बुधवारी करते. रविवारी घरातले सगळे घरात असतात, नाश्त्याला वाट बघतात, दुपारी कुणी ना कुणी येतं आणि आपण सोफ्यावर आडवे. बुधवारी कुणाचं काही अडत नाही. ग्रुप सुटतो हे खरं, मग महिन्यातून एक रविवार ग्रुपबरोबर पळायचं. लाँग रननंतर दुपारी कथा-बिथा लिहायला बसू नका, प्रूफंही नकोत, मी एकदा 'पिता'चं 'पिटा' सोडून दिलं होतं. त्या दुपारी बिलं करा, मेलना उत्तरं द्या, फाइलींना नावं द्या. लाँग रन हळू पळायचा हे तर माहीतच असेल. किती हळू, तर शेजारचे जोशीकाका सायकलवर भेटले तर त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी पूर्ण वाक्यांत करता आली पाहिजे.

मी नाशिकची, वय ३१, घरून कंटेंट रायटिंग करते, मुलगा चार वर्षांचा. पहिली हाफ मॅरेथॉन करायची इच्छा आहे. सासूबाई चांगल्या आहेत पण "घरीच तर असतेस" हे दिवसातून दहादा. गॅसवाला, कुरिअर, मुलाची व्हॅन सगळं माझ्यावर. गोल्फ क्लब ग्राउंडच्या ट्रॅकवर जाते पण पहाटे अंधारात एकटीला भीती वाटते, आणि उजाडलं की घरातली कामं सुरू. वेळ कुठून आणू?

अगं, "घरीच असतेस" हे वाक्य मला सोळा वर्षांत इतक्यांनी ऐकवलंय की त्याचा अनुवाद मी सात भाषांत करून ठेवलाय. तीन वर्षं आमच्या मजल्याचं कुरिअर ऑफिस माझ्या घरात होतं. चार फ्लॅटची पार्सलं, एकदा तर कुणाचा तरी मिक्सर आठ दिवस माझ्या दिवाणाखाली. मग मी एक युक्ती केली, थोडी खोटारडी आहे, पण करून बघ. कॅलेंडरवर लाँग रनच्या जागी 'नागपूर क्लायंट' असं लिहायला लागले. "पळायला जातेय" म्हटलं की घरचे म्हणतात उद्या जा की, आज काकू येतायत. "नागपूरच्या क्लायंटचं काम आहे दोन तास" म्हटलं की कुणी काही बोलत नाही, उलट चहा आणून देतात. वर्षभराने आमच्या घरात सगळ्यांना कळलं की नागपूरचा क्लायंट म्हणजे काय, पण तोवर सवय झाली होती. सासूबाई चांगल्या आहेत म्हणतेस ना, मग तुझं गुपित त्यांना आधी सांग. त्या सामील झाल्या तर नवरा आपोआप होतो.

पहाटेच्या अंधाराचं मात्र धाडस करू नकोस. भीती वाटते ती उगाच वाटत नाही, आणि भीती वाटत असताना पळण्यात आनंद काय. हाफसाठी आठवड्यातून चार दिवस पुरतात. तीन दिवस छोटे, ४० ते ५० मिनिटं, ते मुलगा शाळेत गेल्यावर लगेच, डबा-बिबा नंतर. व्हॅनपर्यंत सोडायला जातेस ना, बूट घालूनच जा आणि तशीच पुढे निघ. एकदा घरात परत शिरलीस की संपलं, ओट्यावरचं पातेलं दिसतं, मग दुसरं दिसतं. पहिल्या सबमिशनची वेळ ११ची असेल तर क्लायंटला १ सांग, कुणाला फरक पडत नाही. चौथा दिवस लाँग, तो शनिवारी उजाडल्यावर, त्या दिवशी मुलगा बाबाकडे, ही मदत वगैरे नाही, वाटणी आहे, त्याला तसंच सांग.

आणि एक रक्ततपासणी करून घे, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. बायकांमध्ये लोह कमी असणं खूप कॉमन आहे, आणि आपण त्याला आळस म्हणत राहतो. मी दीड वर्ष म्हणत होते. माझी स्वतःची फॅमिली डॉक्टर सुद्धा "वय झालं आता" म्हणाली होती, तेव्हा मी ४१ची होते!

नवरात्रात नऊ दिवस उपवास करतो आणि त्यातच २४ किलोमीटरचा लाँग रन येतोय. काय करू? (कॉपीरायटर, पुणे)

उपवास कसला आहे त्यावर आहे. पाण्यावरचा असेल तर त्या आठवड्यात लाँग रन नाही, देवीला राग येणार नाही. पण आपला नेहमीचा 'एकादशी दुप्पट खाशी' उपवास असेल तर तुम्ही नशीबवान आहात, कारण उपवासाचा आपला सगळा मेनू जणू मॅरेथॉनवाल्यानेच लिहिलाय. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. बटाटा, रताळं, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, केळं, सगळं पायांचंच खाणं आहे. आदल्या रात्री रताळ्याचा कीस, पहाटे दोन खजूर आणि एक केळं. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं, मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतं, हिशोब तुम्हीच करा. खिचडी मात्र पळून आल्यावर, आधी नको, दाण्याचं कूट आणि तूप पोटात बसून राहतं. खिशात सैंधव घातलेलं लिंबूपाणी ठेवा. आणि तहान लागेल तेवढंच प्या, घटाघटा नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते डिहायड्रेशनपेक्षा जास्त धोक्याचं. डायबेटिस असेल तर यातलं काहीही माझ्या भरवशावर करू नका, डॉक्टरांना विचारा.

पळताना खूप छान वाक्यं सुचतात, घरी येईपर्यंत विसरतात. (कवी, अमरावती)

मी व्हॉइस नोट करून बघितल्या. घरी आल्यावर ऐकलं तर सत्तर टक्के हुश्श-हुश्श, मध्येच एक कुत्रं आणि "नायिकेने… हुश्श… डबा… विसरते". डबा कोण विसरते आणि का, आजतागायत कळलेलं नाही. जी कळली ती वाक्यं अगदी सामान्य होती. विसरू द्या.

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून विचारतो. बूट दहा-बारा हजारांचे, रेसची फी, मुंबईला जाणं-राहणं. इकडे दोन क्लायंटनी चार महिने पेमेंट दिलेलं नाही. हा खेळ आपल्यासारख्यांचा आहे का? (अनुवादक, सोलापूर)

बरं झालं विचारलंत. पळणं फुकट असतं असं म्हणणारे लोक सहसा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतात.

आधी पेमेंट, कारण ते आलं तर बूट येतील. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलंय का? नसेल तर करा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कुणाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की कायद्याने समोरच्याला ठरल्या तारखेला पैसे द्यावे लागतात आणि ती तारीख ४५ दिवसांच्या पुढे ठरवताच येत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर व्याज, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. हे ऐकून लगेच भांडायला जाऊ नका, फ्रीलान्सरने भांडणं कधी परवडत नाही, पण बिलाच्या खाली उद्यम नंबर आणि एक ओळ टाकायची, "देय मुदत ४५ दिवस." माझ्याकडे ही ओळ टाकायला लागल्यापासून अकाउंट्समधल्या माणसांचा आवाज बदलला, कारण मुदत उलटली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्यांच्या कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये दाखवता येत नाही, आणि हे त्यांच्या सीएने त्यांना सांगितलेलं असतं. एका प्रकाशकाने मात्र तरीही सात महिने लावले. नाव सांगत नाही, गावात राहायचंय. शिवाय क्लायंट १० टक्के टीडीएस कापतात, तो वर्षाअखेर रिटर्न भरल्यावर बऱ्याच जणांना परत मिळतो. माझे गेल्या वेळचे बूट त्या रिफंडचे आहेत. मी त्यांना सरकारी बूट म्हणते.

आता बूट. दहा-बारा हजारांचे लागत नाहीत. मागच्या वर्षीचं मॉडेल, सेलमध्ये, साडेतीन-चार हजारांत मिळतं, रंग भयंकर असतो एवढंच. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात. तळ एका बाजूने झिजला की किंवा पळून आल्यावर नडगी दुखायला लागली की बदला, तोवर नाही. आणि 'आपल्यासारख्यांचा खेळ आहे का' म्हणालात म्हणून आठवलं, १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमध्ये शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या मनात ऑलिंपिकचं आलं. पुढच्याच वर्षी अँटवर्पला टीम गेली, त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटांत, एकोणिसावे आले. खेळ सुरूच मुळी आपल्यासारख्यांपासून झालाय. अनवाणी पळा असं म्हणत नाहीये, सोलापूरच्या रस्त्यावर तर अजिबातच नको.

आणि मुंबईलाच का जायचं? पहिली रेस जवळची करा. जिथे रात्रीच्या एसटीने जाऊन दुपारच्या एसटीने परत येता येतं अशी.

मी म्युनिकमध्ये राहून मुंबईच्या क्लायंटसाठी सबटायटल करते. उन्हाळ्यात ठीक होतं, आता हिवाळ्यात त्यांची दहाची मीटिंग माझ्याकडे पहाटे साडेपाचला, आणि बाहेर आठपर्यंत काळोख आणि बर्फ. पळू कधी?

दुपारी पळ. उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं ते हिवाळ्यात साडेचार होतं, त्याचा तोटा तू सांगितलासच, फायदा बघ. तुझ्याकडे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा मुंबईत पाच, लोक चहा पिऊन निघायच्या तयारीत. साडेपाचला सुरू केलेलं तुझं काम तोवर सात तासांचं झालेलं असतं. तेव्हा लॅपटॉप बंद, आणि जे काय ऊन असेल ते तेवढ्यातच. आमच्याकडे दुपारी साडेबाराला पळणाऱ्याला वेड्यात काढतात, तू तिथे शहाणी ठरशील. बर्फ घट्ट झालेला असेल त्या दिवशी ट्रेडमिल, उगाच मनगट मोडून घेऊ नकोस. मनगटावर आपलं पोट आहे.

मी साताऱ्याचा, एका डेली सोपचे संवाद लिहितो. सातारा हिल हाफ केली. चढताना मजा आली, यवतेश्वरच्या घाटातून उतरताना तर उडत आलो. पण सोमवारी खुर्चीतून उठता येईना, मंगळवारी त्याहून वाईट. त्यात चॅनेलचा फोन, सीन बदला. हे उतरणीमुळे होतं का? पुढच्या वेळी काय करू?

हो, उतरणीमुळेच. 'उडत आलो' तिथेच घोळ आहे. चढताना छाती फुटते पण स्नायूंना तेवढं लागत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेक लावत असतात, म्हणजे ताणले जात असतानाच जोर लावत असतात, आणि त्याने त्यांना बारीक बारीक इजा होते. त्या वेळी काही कळत नाही. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातं, म्हणून तुमचा मंगळवार सोमवारपेक्षा वाईट. मी पहिल्यांदा तो घाट पळाले तेव्हा तिसऱ्या दिवशी आमच्या बिल्डिंगचा जिना उलटी उतरत होते, तोंड भिंतीकडे, एकेक पायरी, आणि खालून येणाऱ्या इस्त्रीवाल्याने कपड्यांचं गाठोडं खाली ठेवून मला विचारलं, ताई, डॉक्टरकडे नेऊ का.

स्नायूंना एकदा उतरणीचा मार बसला की पुढच्या वेळी तेवढं लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणजे रेसच्या आधी दीड-दोन महिने दर आठ-दहा दिवसांनी उतरण पळायची. आधी एक किलोमीटर, मग दोन, मग चार, छोटी पावलं, अंग किंचित पुढे, टाच आपटायची नाही. तुम्ही साताऱ्याचे, तुमच्या दारातच घाट आहे, आम्हाला पुण्याहून सिंहगड गाठावा लागतो. सप्टेंबरात रस्ता ओला असतो, कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्या असतात, त्यामुळे सराव शनिवार-रविवारी नको, तुम्हाला आठवड्यातला कुठलाही वार चालतोच.

लिहिण्याच्या बाजूने सांगायचं तर रेसच्या आधी एपिसोडची बँक करून ठेवा, म्हणजे पुढचे एपिसोड आधीच लिहून ठेवा, निदान तीन. मला माहितीये, डेली सोपवाल्याला बँक करा सांगणं म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळवा सांगण्यासारखं आहे. मग निदान एवढं करा, सोमवार-मंगळवारचे सीन उभ्याने बोलून टाइप करा. फोनमध्ये मराठी बोललेलं आता बऱ्यापैकी उतरतं, आणि संवाद तर बोलूनच चांगले होतात. दर अर्ध्या तासाने घरातल्या घरात चाला, दुखलं तरी. पडून राहिलात तर तुमची मांडी लाकूड होते. एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, सुजलं असेल किंवा लघवी चहासारखी गडद झाली तर मात्र थांबू नका, थेट डॉक्टर.

पाच आठवड्यांवर फुल आहे. पुस्तकाच्या कामात दोन आठवडे गेले, मग तापात एक. आतापर्यंतचा सगळ्यात लांब रन १८ किलोमीटर. राहिलेले किलोमीटर आता भरून काढता येतील का? अजून चाळीस पानं बाकी आहेत. (लेखिका, कोल्हापूर)

नाही. राहिलेलं भरून काढता येत नाही, पुस्तकात येतं, पायात येत नाही. पाच आठवड्यांतले शेवटचे दोन टेपरचे, म्हणजे हातात तीन. त्यात १८वरून ३०वर उडी मारलीत तर सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचाल की नाही सांगता येत नाही, नडगी नाहीतर टाच जाते. आणि पोचलात तरी शरीरातला साखरेचा साठा साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येतो, रनर त्याला भिंत म्हणतात. मुंबईत मी पळाले तेव्हा परतीला नेमका त्याच्यापुढे पेडर रोडचा चढ होता. तिथे लोकांना रडताना पाहिलंय, मीही त्यात होते, आणि माझे सगळे लाँग रन झाले होते तरी.

आयोजक फुलची हाफ करून देतात का ते आज विचारा, उद्या नको. १८ झालेत म्हणजे हाफ तुम्ही हसत कराल. देत नसतील तर या वर्षी जाऊ नका. माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असाच एक न वापरलेला बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) आहे, रेसच्या आधीच्या एक्स्पोला, जिथे तो वाटतात, जाऊन घेऊन आले होते आणि आदल्या रात्री १०२ ताप. आठ दिवस त्याच्याकडे बघवत नव्हतं, मग शब्दकोशात खूण म्हणून घातला, चांगला जाड कागद असतो. ताप उतरल्यावर पहिले पाच-सात दिवस नुसतं चाला, मग हळू. आणि त्या चाळीस पानांसाठी आता सकाळ मोकळी झालीच आहे.

जागा संपली. राहिलेल्यांची उत्तरं पुढच्या अंकात, नवीन प्रश्न १० तारखेपर्यंत पाठवा. आणि कृपा करून ट्रेनिंगची एक्सेल शीट जोडू नका. एका वाचकाने अकरा टॅबची पाठवलीय, मी अजून चौथ्यावर आहे.